उंच खेळाडूने क्यूची लांबी कशी ठरवावी?

अवजार हाताला जुळले पाहिजे, ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलास शाळेत शिकवावी लागत नाही. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या रोहिणखेड गावात कुदळीला नवा दांडा बसवावयाचा झाला, तर सुतार आधी विचारतो की, कुदळ चालवणार कोण? उंच गड्याने आखूड दांड्याची कुदळ दिवसभर चालवली, तर संध्याकाळी त्याची कंबर धरते. आणि बुटक्या गड्याच्या हाती लांब दांडा दिला, तर घाव भलतीकडे पडतो. तालमीतही काठी उभी धरून ती कानाच्या आसपास येते की नाही हे पाहिल्याखेरीज वस्ताद ती मुलाच्या हाती देत नाहीत.

परंतु हेच शहाणपण शाळेच्या व खेळाच्या बाबतीत आपण पुष्कळदा विसरतो. वर्गातील सर्वांत उंच मुलास आपण मागच्या बाकावर बसवतो, आणि तो गुडघे मुडपून, पाठ वाकवून बसला म्हणजे ‘नीट बस’ म्हणून त्यालाच बोलतो. बाक लहान आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. असाच अन्याय उंच मुलावर खेळातही होतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे एक उदाहरण सविस्तर पाहणार आहोत. बिलियर्ड्स, स्नूकर व पूल या टेबलावरील खेळांत चेंडू मारण्याची जी काठी असते, तिला क्यू म्हणतात. ही काठी उंच खेळाडूने किती लांब घ्यावी, हा आमचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण त्यात भूमिती आहे, तरफेचे गणित आहे, शरीराचे शास्त्र आहे, आणि पालकांच्या खिशाचाही प्रश्न आहे.

खेळाची थोडी ओळख

कित्येक पालकांस हा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा व पैजा लावणारांचा धंदा वाटतो. काही ठिकाणी तसे घडत असेल, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि पैज हा खेळाचा दोष नसून खेळणाराचा असतो. मुळात हा नजर, संयम व हाताचा ताबा यांचा खेळ आहे. महाराष्ट्राने त्यात नावही मिळवले आहे. विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ साली पुण्यास झाला. १९५८ साली कलकत्ता येथे हौशी खेळाडूंच्या बिलियर्ड्समध्ये ते जगज्जेते ठरले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळवला. त्यांच्यानंतर मुंबईचे मायकेल फरेरा हे १९७७, १९८१ व १९८३ या साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पंचविसांहून अधिक जागतिक अजिंक्यपदे मिळवणारे पंकज अडवाणी हे वाढले बंगळूरला. पण त्यांचा जन्म १९८५ साली पुण्यातच झाला.

वऱ्हाडच्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्नूकर हा खेळ इंग्लंडात जन्मलेला नसून आपल्या शेजारी, जबलपूर येथे जन्मलेला आहे. १८७५ साली तेथील लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने निरनिराळ्या रंगांचे चेंडू मिळवून हा खेळ काढला, असे मानले जाते. पुढे १९०३ पासून १९५६ पर्यंत आपला बुलढाणा जिल्हा व जबलपूर हे एकाच प्रांताच्या कारभारात होते. पूल हा खेळ मात्र अमेरिकेत वाढला. त्याचे टेबल लहान, भोके रुंद व चेंडू थोडे मोठे असतात. म्हणून नवशिक्यास तो लवकर साधतो. आपल्या गावाकडील मुलास असे टेबल बहुधा शहरातील महाविद्यालयात गेल्यावर प्रथम पाहावयास मिळते. तेथे भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठ्यांतील एक तो उचलतो. त्या काठ्या मध्यम बांध्याच्या माणसासाठी केलेल्या असतात. मुलगा सहा फुटांवर उंच असेल, तर त्याची अडचण येथूनच सुरू होते.

काठीचे अंग व तिचे नियम

काठी एका टोकास बारीक व दुसऱ्या टोकास जाड असते. बारीक टोकास चामड्याची लहानशी टिकली बसवलेली असते. चेंडूला स्पर्श होतो तो याच टिकलीचा. जाड भागास आपण बुंधा म्हणू. पुष्कळ काठ्या दोन तुकड्यांच्या असून मध्ये मळसूत्राने जोडलेल्या असतात. खेळाडू पुढचा हात टेबलावर टेकवून त्याच्या बोटांत काठीला वाट करून देतो. या हातास आपण टेकू म्हणू. मागच्या हाताने तो बुंधा धरतो. त्यास मूठ म्हणू. टिकली, टेकू, मूठ व बुंध्याचे टोक ही चार नावे वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सारा विचार यांवरच चालणार आहे.

पूलची सर्वसाधारण काठी ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर लांब असते. स्नूकरची काठी ५७ ते ५८ इंच असते. आता नियम पाहा. क्रिकेटच्या बॅटीस ३८ इंचांची कमाल मर्यादा आहे. त्याहून लांब बॅट चालत नाही. क्यूच्या बाबतीत उलट आहे. स्नूकरच्या नियमाप्रमाणे काठी ३ फुटांहून आखूड नसावी व पूलच्या नियमाप्रमाणे ४० इंचांहून आखूड नसावी, एवढेच बंधन आहे; लांबीस वरची मर्यादा घातलेली नाही. यास्तव ५८ इंच हा कायदा नसून केवळ रिवाज आहे. बहुसंख्य माणसांस ते माप चालते, म्हणून कारखानदार ते करतात. उंच खेळाडूने त्याहून लांब काठी घेतली, तर तो कोणतीही सवलत मागत नाही, हे त्याने व त्याच्या शिक्षकाने पक्के समजावे.

उंची नव्हे, हात मोजावा

‘माझी उंची सहा फूट दोन इंच आहे, मला किती लांब काठी लागेल?’ असा प्रश्न मुले विचारतात. प्रश्न अपुरा आहे. काठी डोक्याने धरावयाची नसून हातांनी धरावयाची असते. एका माणसाची उंची पायांत असते, दुसऱ्याची धडात, तिसऱ्याचे हातच लांब असतात. जुने लोक विहिरीची खोली व दोरखंडाची लांबी वावेने मोजीत. दोन्ही हात आडवे पसरले असता एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे वाव. सामान्यतः माणसाची वाव त्याच्या उंचीएवढी असते. परंतु पुष्कळांच्या बाबतीत ती दोनतीन इंचांनी कमीअधिक भरते. ज्याची वाव उंचीहून मोठी, त्यास लांब काठीची गरज आधी भासते. आणि ज्याची वाव उंचीहून लहान, तो सहा फुटांवर असूनही ५८ इंचांच्या काठीने सुखाने खेळू शकतो.

काठी जमिनीवर उभी धरली असता ती काखेच्या वर व खांद्याच्या आत यावी, असा एक ढोबळ नियम खेळाडूंत चालतो. दुकानात पहिला अंदाज घेण्यास तो ठीक आहे; पण त्यात पायांची लांबीही मोजली जाते, आणि पायांचा काठीशी संबंध नाही. म्हणून त्यावर विसंबून पैसे खर्च करू नयेत.

ओळंब्याची कसोटी

खरी कसोटी अशी आहे की, टिकली चेंडूस लागते त्या क्षणी मागच्या हाताचे कोपरापासून मुठीपर्यंतचे अंग सरळ खाली, ओळंब्यात लोंबत असावे. याचे कारण विद्यार्थ्यांनी लंबकाच्या पाठात वाचले आहे. कोपर स्थिर ठेवून खालचा हात मागेपुढे झुलतो, तो लंबकच होय. लंबक सर्वांत खालच्या बिंदूवर असताना त्याची गती आडवी असते. त्यापूर्वी तो खाली उतरत असतो व नंतर वर चढत असतो. चेंडू सरळ जावयाचा, तर काठीची गती आडवी हवी. म्हणून चेंडूस आघात होतो त्या क्षणी हात ओळंब्यात हवा.

ही कसोटी घेण्यास शहरात जाण्याचे किंवा काठी विकत घेण्याचेही कारण नाही. कमरेएवढ्या उंचीचे एखादे टेबल, एक चेंडू, पाच साडेपाच फुटांची सरळ वेळूची काठी, मोजपट्टी, आणि दोऱ्यास दगड बांधून केलेला ओळंबा एवढे साहित्य पुरे. कृती पुढीलप्रमाणे करावी.

चेंडू टेबलावर ठेवावा. खेळाडूने वाकून, हनुवटी काठीजवळ आणून, मारण्याच्या पवित्र्यात उभे राहावे. टेकू चेंडूपासून आपल्यास सोयीचा वाटेल इतका, बहुधा ८ ते १० इंच, मागे असावा. पुढचा हात फार ताठ किंवा फार आखडलेला नसावा. काठीचे टोक चेंडूस जवळजवळ लागलेले असावे. मग मित्राने खेळाडूच्या मागच्या कोपराशी ओळंबा धरावा. दोरा काठीला जेथे छेदतो, तेथे मूठ आली पाहिजे. त्या जागी खडूने खूण करावी व चेंडूपासून खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर म्हणजे खेळाडूचे खरे माप.

या मापात मुठीच्या मध्यापासून मागे सुमारे ५ इंच मिळवावे. त्यातले दोन इंच अर्ध्या मुठीतच जातात. उरलेली चार बोटे काठी मागे राहिली, म्हणजे हात थोडा मागे सरकवण्यास जागा राहते. एकंदर बेरीज ही खेळाडूस लागणारी काठीची लांबी होय.

तीन मुलांची उदाहरणे समजण्यासाठी घेऊ. पहिल्याची उंची ५ फूट ६ इंच आहे. चेंडूपासून टेकू ९ इंच, टेकूपासून मुठीचा मध्य ४० इंच, मागील शिल्लक ५ इंच, बेरीज ५४. त्याच्या हाती ५८ इंचांची काठी दिली, तर मागे ४ इंच अधिक उरतात. काही बिघडत नाही. दुसऱ्याची उंची ५ फूट ११ इंच आहे. ९ अधिक ४३ अधिक ५ मिळून ५७. तो वर्गात उंच म्हणून ओळखला जातो, तरी त्यास नेहमीचीच काठी पुरते. तिसरा ६ फूट ३ इंच व लांब हातांचा आहे. ९ अधिक ४७ अधिक ५ मिळून ६१. ५८ इंचांच्या काठीवर त्याच्या मुठीच्या मध्यामागे दोनच इंच उरतात, म्हणजे मूठ अगदी टोकाशी येऊन ठेपते. यास तीन इंचांची वाढ हवी. तिघांपैकी दोघांस आपण उंच म्हणत होतो. पण गरज एकासच निघाली. मोजल्याशिवाय हे कळले नसते.

आखूड काठीने काय बिघडते

आता समजा, या तिसऱ्या मुलाच्या वाट्यास क्लबातील ५४ इंचांची आखूड काठी आली. त्याची मूठ ५६ व्या इंचावर हवी. पण मुठीच्या मध्यामागे दोन इंच तरी लाकूड पाहिजे, म्हणून ती ५२ इंचांच्या मागे जाऊ शकत नाही. अर्थात मूठ ओळंब्याच्या ४ इंच पुढे येते. त्याचे कोपरापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर १५ इंच धरा. काटकोन त्रिकोणात कर्ण १५, एक बाजू ४. म्हणून दुसरी बाजू २२५ वजा १६, म्हणजे २०९ याचे वर्गमूळ, सुमारे १४.४६ इंच. याचा अर्थ आघाताच्या वेळी मूठ आपल्या सर्वांत खालच्या जागेहून अर्ध्या इंचाहून किंचित अधिक वर गेलेली असते, आणि त्या क्षणी ती आडवी न जाता तिरपी वर चढत असते. चार इंच पुढे जाताना एक इंचाहून अधिक वर, इतका तो चढ असतो. टेकूवर काठी तरफेप्रमाणे फिरते. बुंधा वर गेला की टिकली खाली जाते. म्हणून मध्यावर मारू पाहिलेला फटका चेंडूच्या खालच्या अंगास लागतो, आणि चेंडू जेथे थांबावा तेथे न थांबता मागे ओढला जातो.

मुलगा हे हिशेबाने जाणत नाही. पण फटका चुकतो हे त्यास दिसते. मग तो नकळत उपाय शोधू लागतो. कोणी पुढचा हात आखडून अंग चेंडूवर आणतो. त्यामुळे खांदे जखडतात व नजर काठीच्या रेषेतून सुटते. कोणी टेकू चेंडूच्या अगदी जवळ नेतो; त्यामुळे हाताला झुलण्यास अंतर उरत नाही व तो फटका मारण्याऐवजी ढकलू लागतो. कोणी कोपरच पुढे टाकतो. असे वर्षभर चालले, म्हणजे या खोडी हाडीमांशी खिळतात. पुढे योग्य काठी मिळाली, तरी त्या जाता जात नाहीत. शिक्षक म्हणतो, ‘मुलगा आडदांड आहे, याला नाजूक खेळ यावयाचा नाही.’ मुलगा ते खरे मानतो व खेळ सोडतो. दोष काठीच्या चार इंचांचा, आणि शिक्षा मात्र मुलास होते! या विषयावर इतके लिहिण्याचे आमचे कारण हेच आहे.

याच्या उलट चूकही सांगितली पाहिजे. लांब काठी मिळाली म्हणून मूठ वाटेल तितकी मागे नेऊ नये. ती ओळंब्याच्या मागे गेली, तर आघाताच्या वेळी हात अजून खाली उतरत असतो, आणि टिकली वर उचलली जाते. शिवाय मागे फार काठी उरली, तर कडेच्या भिंतीस अडते व ती धरण्यास जड वाटते. लांबी ही जितकी अधिक तितकी चांगली, अशी वस्तू नव्हे.

कमरेचा प्रश्न वेगळा आहे

उंच खेळाडूच्या दोन तक्रारी असतात. एक, काठी पुरत नाही. दुसरी, कंबर दुखते. लोक या दोहोंची गल्लत करतात व लांब काठीने कंबरदुखी जाईल असे समजतात. तसे होत नाही. काठीचा संबंध हातांशी आहे, कमरेचा संबंध टेबलाच्या उंचीशी. पूलच्या टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून सव्वा एकोणतीस ते एकतीस इंच असतो. स्नूकरच्या टेबलाची कड साडेतेहतीस ते साडेचौतीस इंचांवर असते. दोन्ही उंच्या नियमाने ठरलेल्या आहेत. एका खेळाडूसाठी टेबल उचलून धरता येत नाही. तेव्हा शरीरच खाली आणले पाहिजे, आणि ते पाठीतून न आणता पायांतून आणले पाहिजे.

येथेही भूमिती साह्यास येते. एका उंच मुलाचे पाय ३७ इंच लांब आहेत असे धरा. पाय जुळवून उभा असता त्याचे कटिस्थान ३७ इंचांवर असते. त्याने दोन पावलांत २४ इंचांचे अंतर घेतले, तर मध्यापासून प्रत्येक पाऊल १२ इंच दूर जाते. ३७ चा वर्ग १३६९. त्यातून १२ चा वर्ग १४४ वजा केला, तर १२२५ उरतात, व त्याचे वर्गमूळ ३५. म्हणजे गुडघा न वाकवता केवळ पाय फाकल्याने कंबर २ इंच खाली आली. त्यात पुढचा गुडघा थोडा वाकवला, तर आणखी दोनतीन इंच सहज मिळतात. मग पाठीला त्या मानाने कमी वाकावे लागते. कित्येक उंच खेळाडू दोन्ही पाय जवळ ठेवून केवळ कमरेतून दुमडतात, आणि तासाभरात पाठ धरून बसतात. त्यांनी काठी बदलण्यापूर्वी पवित्रा बदलून पाहावा. तरीही पाठीत कळ येत राहिली, तर खेळ थांबवून वैद्याचा सल्ला घ्यावा. दुखण्यावर खेळत राहणे हे शौर्य नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम पाय, मग टेकू, मग ओळंबा, आणि सर्वांत शेवटी काठीची लांबी. पवित्रा बदलला की मापही बदलते. यास्तव चुकीच्या पवित्र्यात घेतलेले माप व्यर्थ होय.

लांबी वाढवण्याचे मार्ग व तोलाचा हिशेब

माप घेऊन लांबी कमी पडते असे ठरले, तर तीन मार्ग आहेत. पहिला, बुंध्यास मागून बसवावयाची लहान नळी. ती घट्ट सरकवून बसते. म्हणून क्लबातील कोणत्याही काठीस लावता येते व खेळ संपल्यावर काढून घेता येते. दुसरा, ज्या काठीच्या बुंध्यात मळसूत्र केलेले असते, तिला फिरवून बसवावयाचा जोडतुकडा. तिसरा, मुळातच ६० किंवा ६१ इंचांची काठी कारागिराकडून करून घेणे.

यांतील फरक तोलाचा आहे. समजा, ५८ इंचांची एक काठी १८ औंस वजनाची आहे (एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम), आणि तिचा गुरुत्वमध्य बुंध्याच्या टोकापासून १७ इंचांवर आहे. तिला ६ इंच लांबीचा, २ औंस वजनाचा तुकडा मागे जोडला. तुकड्याचा मध्य जुन्या टोकाच्या ३ इंच मागे येतो. जुन्या टोकाभोवती परिबले घेतली, तर १८ गुणिले १७ म्हणजे ३०६, त्यातून २ गुणिले ३ म्हणजे ६ वजा, बाकी ३००. एकूण वजन २० औंस. ३०० भागिले २० म्हणजे १५. अर्थात गुरुत्वमध्य २ इंच मागे सरकला. हाताला हा फरक जाणवतो. पण आठवडाभराच्या सरावाने तो अंगवळणी पडतो.

आता तोच तुकडा जड, ६ औंसांचा आहे असे धरा. ३०६ वजा १८ म्हणजे २८८, एकूण वजन २४ औंस, भागाकार १२. येथे गुरुत्वमध्य तब्बल ५ इंच मागे गेला, आणि काठी पूर्वीच्या मानाने एकतृतीयांश जड झाली. अशा काठीचे पुढचे टोक टेकूवर हलके होऊन डुलू लागते, व मागचा हात लवकर थकतो. म्हणून जोडतुकडा घेताना त्याची लांबी पाहण्याइतकेच वजनही पाहावे. हलका तो बरा. कारागिराने मुळात लांब केलेल्या काठीत वजन सर्व अंगभर वाटलेले असते. त्यामुळे तिचा तोल अधिक चांगला राहतो. पण तिला खर्च अधिक, आणि ती एकाच माणसाच्या उपयोगाची.

टेबलाच्या पलीकडे दूर असलेल्या चेंडूसाठी लांब दांड्याचे टेकण वापरतात, तो निराळा विषय आहे. तेथे मोठा जोडतुकडा सर्वच खेळाडू लावतात. आम्ही येथे जो विचार केला, तो नेहमीच्या फटक्यासाठी लागणाऱ्या लांबीचा आहे.

पालकांस दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी खेळात रमली, की दुकानातील चकचकीत काठीचा हट्ट सुरू होतो. त्या वेळी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या, अशी आमची सूचना आहे.

एक. वाढत्या अंगाला मापाचा अंगरखा शिवत नाहीत, थोडी शिलाई आत ठेवून शिवतात. चौदा वर्षांच्या मुलाची वाढ पुढे काही वर्षे चालू राहते. आज घेतलेले माप दोन वर्षांनी टिकणार नाही. अशा मुलास साधी काठी व काढता येणारा जोडतुकडा, एवढेच पुरे. मापाची काठी घ्यावयाचीच असेल, तर वाढ थांबल्यावर घ्यावी, आणि तोवर दर सहा महिन्यांनी ओळंब्याची कसोटी पुन्हा करावी.

दोन. किंमत म्हणजे गुण नव्हे. स्कॉटलंडचे स्टीफन हेंड्री यांनी १९९० ते १९९९ या दहा वर्षांत सात वेळा स्नूकरचे जगज्जेतेपद मिळवले, ते लहानपणी घेतलेल्या एका साध्या, स्वस्त काठीने. ती काठी २००३ साली प्रवासात मोडली, तोवर ते तीच वापरीत होते. काठी सरळ आहे की नाही हे ती टेबलावर लोळवून पाहावे. टिकली नीट बसली आहे की नाही ते पाहावे. आणि ती मापाची आहे की नाही ते पाहावे. नक्षी व नाव यांचे पैसे वाचले, तर ते पुस्तकांस उपयोगी पडतील.

तीन. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मूल एखाद्या कामात वारंवार चुकत असेल, तर ‘तुला जमत नाही’ हा निकाल देण्यापूर्वी त्याचे अवजार, त्याचे बाक, त्याची जागा ही त्याच्या मापाची आहेत की नाहीत, हे एकदा मोजून पाहावे. मोजल्यावर कधी असेही निघेल की अवजार ठीक आहे व सरावच कमी पडतो आहे. तेव्हा मुलाने ते निमूटपणे मान्य करून सरावास लागावे. मोजपट्टी कोणाची भीड धरीत नाही. म्हणूनच तिचा निकाल मुलासही पटतो व पालकासही. उंच मुलास वाकवून लहान करणे सोपे असते. दांडा चार बोटे वाढवण्यास थोडा विचार लागतो. तो विचार करणे हे आपणा वडील माणसांचे काम आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपली उंची व आपली वाव मोजून दोहोंतील अंतर लिहा. वर्गातील दहा जणांची मापे घेऊन कोष्टक करा. उंचीच्या क्रमाने लावलेली नावे व वावेच्या क्रमाने लावलेली नावे एकच येतात काय?

२. ओळंब्याची कसोटी घेऊन आपल्यास किती इंच लांबीची काठी लागेल ते काढा. मग पावलांतील अंतर सहा इंचांनी वाढवून माप पुन्हा घ्या. फरक पडल्यास कारण सांगा.

३. २० औंस वजनाच्या काठीचा गुरुत्वमध्य बुंध्याच्या टोकापासून १८ इंचांवर आहे. तिला ६ इंच लांबीचा ४ औंसांचा जोडतुकडा लावला, तर गुरुत्वमध्य किती इंच मागे सरकेल? (उत्तर: साडेतीन इंच.)

४. आपल्या घरातील कोणतेही एक दांड्याचे अवजार घ्या. ते कोण वापरते, वापरणाराची उंची किती, दांड्याची लांबी किती, आणि काम झाल्यावर त्याचे कोणते अंग दुखते, हे विचारून लिहा. दांडा किती असावा, याविषयी आपले मत कारणांसह मांडा.